वरच्या आईचा फोटो

या सदरात लोक लिहितात ते मी नेमानं वाचते आणि नेमानं हसते. कुणाला वडाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या सासऱ्यांच्या मागे रस्ताभर पैंजण वाजतात… आमच्या घरी असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, भूत बघायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या आरशात बघा. पुढे लग्न झालं ते फोटोग्राफरशी. आणि फोटोच्या धंद्यात काही अद्भुत घडलं की त्याचा अर्थ एकच — कुणीतरी एकच रोल दोनदा घातलाय! तेव्हा मी हे लिहायला बसले याचं सगळ्यांत जास्त नवल मलाच आहे. पण ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या दिवशी जे झालं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी सांगितलं नाही तर संपलंच.

माझा धाकटा तेव्हा रांगत होता, म्हणजे एकाहत्तर साल. नगरला लागून भिंगार आहे, छावणीचं गाव. तिथल्या बाजाराच्या तोंडाशी आमचा स्टुडिओ होता. पुढे गिऱ्हाईकाची खोली, मागे डार्करूम, आणि दोन्हींच्या मधे खिडकीपाशी माझी जागा. फोटो हे काढायचे, रिटचिंग मी करायची. म्हणजे काय, ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं नि पांढरं ते काळं. माणसाच्या गालावर खड्डा असेल तर निगेटिव्हवर तिथं काचेसारखा फिकट ठिपका दिसतो. तो टोकदार पेन्सिलीनं भरून टाकला की फोटोतून खड्डा गायब. खड्ड्याच्या काठावर उजेड चमकलेला असतो, तो निगेटिव्हवर काळा येतो. तो ब्लेडच्या टोकानं अलगद खरवडायचा. पेन्सिल पुसता येते, पण खरवडलेलं परत येत नाही. फिल्मवरच्या ज्या थरात चित्र असतं तो थरच तिथून निघून गेलेला असतो.

आणि त्या काळात खड्ड्यांना काय तोटा! देवी येऊन गेलेली तोंडं घरोघर होती. लग्नाच्या मुलीचा 'दाखवायचा' फोटो काढायला आईबाप यायचे, मुलगी मान खाली घालून बसायची, आणि आई माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "तेवढं बघा हं बाई." मी बघायचे. माझ्याइतका साफ हात नगरमध्ये कुणाचा नव्हता, हे मी नाही, दुसरे स्टुडिओवाले म्हणायचे. कारण साधं होतं. माझ्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण आहेत. तिसऱ्या वर्षी आल्या होत्या. हे माझाच दाखवायचा फोटो काढायला आमच्या घरी आले होते, आणि फोटो द्यायच्या ऐवजी आठ दिवसांनी मागणी घेऊन आले. माणूस पहिल्यापासून जरा तिरपाच. पण ह्यांनी पसंत केलं म्हणून माझ्या मनातलं काही गेलं नाही. कुणाच्याही चेहऱ्यावर खड्डा दिसला की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. पुसला की मला बरं वाटायचं. अगदी खरं सांगते, फार बरं वाटायचं.

त्या वर्षी ज्येष्ठात रंगनाथ नावाचा एक माणूस आला. राहुरी तालुक्यातला, मुळेच्या काठच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते गाव आता नाही. मुळेवरच्या धरणाचं पाणी तिथं येणार होतं आणि सगळ्यांना वर नवं गावठाण दिलं होतं. घरं हलत होती, लाकूडफाटा, दारं-चौकटी हलत होत्या. देवळातला महादेवही हलणार होता. अडचण एकाच देवाची होती.

देऊळ हेमाडपंती, काळ्या दगडाचं, शिखर कधीच ढासळलेलं. छपराच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर एक बाई उभी होती, कमरेत वाकलेली, एक हात डोक्यावर, दागिन्यांनी मढलेली. शिकलेला माणूस म्हणाला असता, देवळाच्या शोभेची मूर्ती. गाव तिला 'वरची आई' म्हणायचं. खालून बघितलं तर तिच्या मागे आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. ती आणि देवळाचा कोपरा एकाच शिळेतले. तरी गावानं कौल लावला होता. म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आईला हलवायचं का विचारलं, डावं पडलं. तीनदा विचारलं, तिन्हीदा डावं. मग गुरवाच्या भामाबाई, रंगनाथच्या काकी, त्यांनीच विचारलं म्हणे, "मंग तुजा फोटू तरी न्येऊ का?"

उजवं फूल पडलं. म्हणून रंगनाथ नगरला आला होता.

"सायेब, फोटूच आता आमची आई," तो ह्यांना म्हणाला. "नव्या देवळात त्योच बसवायचा. नवरात्राच्या घटाला. तवा त्वांड बराबर आलं पायजे."

हे दुसऱ्या दिवशी गेले. बाराचा रोल आणि लाल फिल्टर घेऊन. लाल फिल्टर लावला की काळ्या-पांढऱ्या फोटोत निळं आभाळ जवळजवळ काळं येतं आणि पुढचा दगड उजळून उठतो. मी गेले नव्हते. मुलगा तापानं फणफणला होता. ती मूर्ती मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. हे लक्षात असू द्या.

तिथं काय झालं ते ह्यांनी आल्यावर सांगितलं. फोटोवाला आलाय म्हटल्यावर अख्खं गाव जमलं. ज्याला त्याला आपल्या दारात उभं राहून फोटो हवा, कारण दार पंधरा दिवसांत उतरवायचं होतं. कुणाला विहिरीवर, कुणाला कडुनिंबाखाली. एका म्हातारबांनी तर रिकाम्या गोठ्याचा काढायला लावला. हे कुणाला नाही म्हणू शकले नाहीत, तो ह्यांचा कायमचा रोग. बारातले नऊ असे गेले. उरले तीन. एक खालून काढला, त्यात आईचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. मग बैलगाडी देवळाला लावून तिच्यावर शिडी उभी केली. दुसरा काढताना गाडी हलली आणि फोटोही हलला. तिसऱ्याच्या वेळी चार जणांनी शिडी धरली, सकाळचं तिरकं ऊन नेमकं चेहऱ्यावर आलं होतं, वारा पडला होता… तो आला. अगदी हवा तसा.

रोल धुतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांना छावणीत मोठ्या समारंभाचं काम होतं. तीन दिवस हे घरात फक्त झोपायला. निगेटिव्ह वाळलं होतं. मी भिंग लावलं आणि बघत राहिले. उलट्या रंगातसुद्धा कळत होतं, बाई काय देखणी आहे! चेहरा करंगळीच्या नखाएवढा, पण पापण्यांच्या कडा, ओठांचा कोपरा, सगळं जिथल्या तिथं. आणि त्या चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके. मी म्हटलं, दगड झिजलाय बिचारीचा. नवरात्रात बसायची आहे, आणि अशी?

दोन दुपारी लागल्या मला. इतकं बारीक काम मी त्याआधी केलं नव्हतं. पेन्सिलीनं भरलं, ब्लेडनं खरवडलं. आधी प्रिंट काढून बघायची पद्धत आमच्याकडे नव्हती, कागद मिळायची मारामार असायची. तिसऱ्या दिवशी प्रिंट काढला, मोठा, भिंतीवर लावायचा. काळंभोर आभाळ, आणि त्यावर नितळ, लोण्यासारखा चेहरा. हे दमून आले होते. बघून म्हणाले, "झकास." दगडावरच्या खड्ड्यांबद्दल ह्यांनाही काही वाटलं नव्हतं. दगडाला खड्डे असायचेच.

मग पाऊस लागला, गाव उठलं, आणि फोटो न्यायला कुणीच आलं नाही. आले ते एकदम पितृपंधरवड्यात. रंगनाथ, आणि त्याच्याबरोबर भामाबाई. सत्तरीच्या पुढची बाई, काटक, डोक्यावर घट्ट पदर. मी कौतुकानं फोटो पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

रंगनाथ म्हणाला, "आगं काकी, आईच हाय की. हात बघ, कमर बघ."

"हात आईचा हाय. त्वांड न्हाई." मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "लई देखनी हाय गं बाई. पर ही आमची न्हाई."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूच्या सासूच्या काळापासून गावात देवीची साथ आली की घरची बाई आईला साकडं घालायची. पोर वाचलं की आईच्या तोंडावर एक वण उठायचा. पोराचं तिनं आपल्या अंगावर घेतलं, असं गाव मानायचं. दर नवरात्राला शिडी लावून तिच्या तोंडाला तेल चोळायचं काम गुरवाच्या सुनेचं, म्हणजे पन्नास वर्षं भामाबाईंचं. कुठला वण कुणाचा ते सासूनं सुनेला बोट धरून शिकवायचं. "हितं माज्या थोरल्याचा," असं म्हणत त्यांनी स्वतःच्याच गालावर बोट ठेवलं. "हितं सोनाराच्या क्रिष्नीचा. हितं, भिवईच्या वर, आमच्या आत्याबाईचा. त्येच न्हाई तर आई कशाची? नुस्ती बाई."

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. देऊळ श्रावणातच पाण्याखाली गेलं होतं, छपरासकट. आता दहा दिवसांनी घट बसायचे होते आणि गावाला आई नव्हती.

काय सांगू? की तुमच्या वाचलेल्या पोरांच्या खुणा मी दोन दुपारी बसून ब्लेडनं खरवडल्या? मी म्हटलं, "प्रिंट चुकलाय आजी. दुसरा काढून ठेवते." शुद्ध थाप. त्यांनी विश्वास ठेवला, आणि घटाच्या आदल्या दिवशी येतो म्हणून गेल्या.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी निगेटिव्ह काढून उजेडाला धरलं. मी म्हटलं, ओरडा तरी. ते म्हणाले, "ओरडून काय दगड वर येणार आहे?" टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ह्यांनी निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. ती गेली. ब्लेडच्या जागा तशाच, कोरड्या, सफाचट. काही खड्डे अर्धे उरले होते, बहुतेकांचे काठच गेल्यामुळे नुसते चट्टे झाले होते. मी म्हटलं, प्रिंटवर बारीक ब्रशनं खड्डे काढते. माझ्या हाताला काय अवघड? त्यावर मात्र हे चिडले. "कुठले काढशील? तुला माहीत आहेत? त्या म्हातारीला बोटांनी पाठ आहेत. जे उरलंय ते द्यायचं आणि पाय धरून खरं सांगायचं."

सर्वपित्री अमावास्या. भरदुपार. हे पुढे एका जवानाचा फोटो काढत होते, त्याला "हसू नका, हसू नका" म्हणून दटावत होते, तो आवाज मला आत येत होता. मी डार्करूमचं दार लावलं, लाल दिवा लावला, निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रात, घातलं. खाली कोऱ्या पाटीवर चेहरा पडला. मी मुद्दाम नीट पाहिलं. खरवडलेल्या जागी चट्टे होते, भिवईच्या वर तर काहीच नव्हतं. कागद ठेवला, उजेड दिला, कागद ट्रेमधल्या, चित्र उठवायच्या औषधाच्या पाण्यात सोडला आणि चिमट्यानं हलवत राहिले.

आधी आभाळ आलं. काळं ते आधी येतं, नेहमीसारखं. मग केसांची कड, मग डोळे, ओठ. मग चेहरा थोडा वेळ तसाच राहिला, रिकामा. आणि मग भिवईच्या वर एक ठिपका आला.

मला वाटलं, धूळ. दुसरा आला, गालावर. मग नाकाशेजारी दोन. मग हनुवटीवर, मग कपाळावर… घाईनं नाही. एकेक करून, आणि प्रत्येक पुरता. सावली एका बाजूला, उजेडाची कड दुसऱ्या बाजूला, सकाळचं तिरकं ऊन जसं पडलं असेल तसं. कुणी तरी एकेक नाव घेत होतं आणि जो तो पुढे येऊन उभा राहत होता, असं वाटलं मला. माझा हात थांबला होता. ट्रे हलवायची शुद्धही नव्हती. भीती म्हणाल तर कणभर नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचं तोंड माझ्या तोंडासारखं होतं, आणि ती इतकी सुंदर होती की मला उभ्यानं रडू आलं. त्या नितळ फोटोत मी जी बाई केली होती ती हिच्यापुढे काहीच नव्हती.

प्रिंट हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या पाण्यात, टाकायचं तेवढं सुचलं, नशीब. मग ह्यांना हाक मारली. हे आले, पांढरा दिवा लावून प्रिंट बघितला, मला म्हणाले, "शेवटी काढलेसच ना ब्रशनं?" मी ओला प्रिंट त्यांच्या हातात दिला. ओल्या कागदावर कोण ब्रश चालवणार! त्यांनी बोटानं चोळून पाहिलं. भिंग लावून निगेटिव्ह पाहिलं, उजेडाला धरून, उलटं करून. चट्टे तसेच. मग ह्यांनी मला बाहेर काढलं आणि त्याच निगेटिव्हचा, त्याच डब्यातल्या कागदावर, त्याच पाण्यात दुसरा प्रिंट काढला. त्यात चेहरा चट्ट्याचट्ट्यांचा, अर्धामुर्धा, यायला हवा तसाच आला. तिसरा काढला. तोही तसाच. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. जवान अजून स्टुलावर बसला होता, त्याला म्हणाले, "आज नको, उद्या या."

पुढे आम्ही पुष्कळांना विचारलं. नाव न घेता, आडून आडून. माझा एक भाचा केमिस्ट्रीचा प्रोफेसर. त्यानं कागद जुना असेल, पाणी गरम झालं असेल, थराला भेगा पडल्या असतील, असं बरंच सांगितलं. भेगा पडतील, मान्य. पण त्या नेमक्या भिवईच्या वर, आत्याबाईच्या जागी? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! ते निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. हवं त्यानं यावं आणि भिंगातून बघावं.

पण त्या दिवशी दुपार कलता कलता भामाबाई आल्या. एकट्याच. रंगनाथ नव्या देवळात मांडव घालत होता. मी प्रिंट पुढे ठेवला. त्यांनी आधी पदर सारखा केला. मग उजव्या हाताचं बोट फोटोवर ठेवलं आणि डोळे मिटले! डोळे मिटून त्या बोट फिरवत गेल्या, गुळगुळीत कागदावर, पन्नास वर्षांच्या सवयीनं. "माजा थोरला… क्रिष्नी… ह्यो कुंभाराचा, ह्यो तेच्या भनीचा… आत्याबाई…" जिथं बोट थांबायचं तिथं वण असायचा. एकदाही चुकलं नाही. शेवटी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आता कसं! त्या दिशी दुसऱ्याच कुनाचा दिला व्हतास बघ."

हे मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच्यानं राहवेना.

"आजी, तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. आईचाच होता. हे वण मी खोडले होते. ब्लेडनं खरवडले होते. ते आता येणं शक्यच नव्हतं. आजी, हे कसं आलं मला खरंच माहीत नाही."

भामाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट. गालावरून, कपाळावरून त्यांची नजर फिरली. मग हसल्या, बोळकं तोंड भरून.

"आगं, फोटू हाय न्हवं त्यो? जसं मानूस आसंल तसंच येनार की!"

त्यांच्या दृष्टीनं विशेष काही घडलंच नव्हतं. आठ वर्षं मी त्या खिडकीशी बसून माणसं जशी आहेत तशी येऊ नयेत म्हणून डोळे फोडत होते, आणि ही बाई मला सांगत होती. वरची आई जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळली, सुतळी बांधली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पोटाशी धरली आणि राहुरीची एसटी गाठायला भराभर चालू लागल्या. आम्ही दोघं पायरीवर उभे राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. काय झालं होतं ते ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मलाही आजतागायत कळलेलं नाही.